मांजर जेवत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या चाळीत कुणाच्या मांजरीने ताटलीवरून तोंड फिरवलं की माझं दार वाजतं. मी डॉक्टर नाही. गिरगावात वीसेक वर्षं मांजरी सांभाळल्या, त्यातली बायजा शेवटची अडीच वर्षं किडनीची पेशंट होती. तिच्यापायी जे शिकले आणि लोकांना जिन्यात उभ्या उभ्या सांगत आले, ते एकदाचं लिहून काढलंय. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते वजन आणि रिपोर्ट बघूनच ठरतात.

मांजर कालपासून जेवत नाही. किती वेळ वाट बघू?

मोठ्या मांजरीने पूर्ण २४ तास काहीच खाल्लं नसेल तर डॉक्टरकडे न्या. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू असेल तर बारा तासही थांबू नका, त्यांच्या रक्तातली साखर फार लवकर घसरते. सोबत उलट्या, धाप किंवा पलंगाखाली लपून बसणं असेल तर तास मोजत बसायचं कारणच नाही.

आपण माणसांना म्हणतो, एक दिवस उपास घडला तर पोटाला आराम. मांजरीला एकादशी मानवत नाही. खाणं थांबलं की शरीर साठवलेली चरबी मोकळी करतं आणि ती यकृताकडे येते. मांजरीच्या यकृताला एवढा लोंढा झेपत नाही, चरबी पेशींतच साचते आणि यकृत मंदावतं. त्याने मळमळ वाढते, मळमळीने खाणं आणखी कमी होतं. म्हणजे मूळ आजार एक आणि न खाण्याने झालेला दुसरा. दोन-तीन दिवसांत हे सुरू होऊ शकतं आणि सगळ्यात जास्त धोका असतो तो गुबगुबीत मांजरींना. ‘याला काय होतंय, अंगावर भरपूर आहे’ असं ज्या बोक्याबद्दल म्हणतात, नेमका तोच. कानाची आतली बाजू, हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट दिसला तर त्याच दिवशी दवाखाना.

माझे दोन दिवस असेच गेले होते. एका दवाखान्यात फोनवर सांगितलं, ‘उन्हाळा आहे, खाईल.’ उकाड्यात मांजरी थोडं कमी खातात हे खरं. कमी खाणं वेगळं आणि काहीच न खाणं वेगळं, हे तेव्हा मला कळत नव्हतं.

डॉक्टर विचारतात, ‘नक्की काय होतंय?’ काय सांगू?

‘खात नाही’ एवढ्याने त्यांना काहीच कळत नाही. कशी खात नाही ते बघून जा.

ताटलीपर्यंत उत्साहाने येते, एक घास घेते आणि दचकून मागे होते, घास तोंडातून पडतो, लाळ गळते, एकाच बाजूने चावते: हे तोंडाचं दुखणं. हिरड्या लालभडक असतात किंवा दात मुळाशी झिजलेला असतो. तिला भूक आहे, खाताना कळ येते. काही मांजरींच्या हिरड्या इतक्या सुजतात की बरेचसे दात काढावे लागतात. ऐकून पोटात गोळा येतो, पण दात नसलेली मांजर मजेत जेवते.

ताटलीजवळ येते, वास घेते, ओठ चाटते, आवंढा गिळते आणि निघून जाते, कधी माती टाकल्यासारखी पंजाने फरशी खरवडते: ही बहुतेक वेळा मळमळ. किडनी, यकृत, स्वादुपिंड, आतडी, यातलं काहीही मागे असू शकतं. अशा वेळी पाच प्रकारची पाकिटं फोडून तिच्यापुढे मांडू नका. आजारपणात समोर आलेल्या अन्नाचा संबंध ती मळमळीशी जोडते आणि बरी झाल्यावरही त्याला शिवत नाही. आधी मळमळीचं औषध, मग मेजवानी.

नाक वाहतंय, शिंका येतायत, डोळे चिकटलेत: तिला अन्नाचा वासच येत नाही. मांजरीच्या जिभेवर स्वादकलिका पाचशेच्या आत असतात, माणसाच्या हजारांत. गोड तर तिला कळतच नाही. ते ओळखायला लागणारा एक जनुक मांजरींमध्ये निकामी झालेला आहे, हे २००५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. तिची सगळी भिस्त नाकावर. नाक बंद तर जेवण बंद. बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून, दार लावून तिला घेऊन दहा मिनिटं बसा. नाक ओल्या कापसाने पुसा. व्हिक्स किंवा निलगिरी तेल मात्र तिच्या जवळपासही नको.

आणि एक चौथा प्रकार चाळीवाल्यांसाठी: ती दुसरीकडे जेवून आलेली असते. आमची एक मांजर तळमजल्यावर सोनू, पहिल्यावर चिंगी आणि आमच्याकडे मनी होती, तिन्ही घरी तिची ‘भूक मेली’ होती. दवाखान्यात पळायच्या आधी गॅलरीत एक हाक मारून विचारा.

तिला खायला लावायचं कसं?

तपासणी झालीय आणि कारण कळलंय असं धरून सांगते.

अन्न कोमट करा, साधारण तिच्या अंगाच्या उबेइतकं. फ्रिजमधलं गार पाकीट आजारी मांजर हुंगतही नाही. वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली तरी पुरे. मायक्रोवेव्ह वापरलात तर ढवळून बोट लावून बघा, मधेच चटका बसेल असा भाग राहतो.

एका वेळी चमचाभर, दिवसातून सहा-सात वेळा. पसरट बशी घ्या. मलमूत्राच्या ट्रेपासून लांब ठेवा. एवढ्याशा खोलीत कुठे लांब ठेवायचं, हे मला माहीत आहे. ट्रे मोरीत आणि बशी खिडकीपाशी, एवढं जमतं. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचला, मुंबईच्या दमटपणात ओलं अन्न फार वेळ बरं राहत नाही. मुंग्यांसाठी बशी पाण्याच्या परातीत ठेवायची जुनी युक्ती इथेही चालते.

आणि तिच्याकडे टक लावून बसू नका. घरातली चार माणसं श्वास रोखून बघतायत म्हटल्यावर कोण जेवेल?

भूक वाढवणारी औषधं असतात, काही गोळ्या आणि एक तर कानाच्या पाळीच्या आतल्या बाजूला लावायचं मलम. उपयोगी आहेत, पण मूळ कारण शोधून झाल्यावर. आतड्यात गजऱ्याचा दोरा अडकलेल्या मांजरीला भूक वाढवून काय करणार? दोऱ्यावरून आठवलं: तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. आतलं टोक अडकलेलं असेल तर आतडं कापलं जातं. मांजरीला तसंच उचला आणि दवाखाना गाठा.

सिरिंजने भरवू का?

डॉक्टरांनी करून दाखवल्यावर. ती उलट्या करत असेल, ग्लानीत असेल किंवा धापा टाकत असेल तर अजिबात नाही, अन्न श्वासनलिकेत जातं.

मांजर नैसर्गिक बसलेली हवी, बाळासारखी उताणी नको, मान मागे वाकवायची नाही. सिरिंजचं टोक तोंडाच्या कडेने सुळ्यामागच्या फटीत. एका वेळी अर्धा ते एक मिली, तिने गिळलं की मग पुढचं. किती, तर अंदाजासाठी: चार किलोच्या मांजरीला नुसतं पडून राहायलाही दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. पण तीन-चार दिवस उपाशी असलेल्या मांजरीला पहिल्याच दिवशी एवढं देऊ नका. पाव ते तिसरा हिस्सा देऊन सुरुवात करायची आणि तीन-चार दिवसांत पूर्ण मापावर यायचं. शरीर रिकामं असताना एकदम भडिमार केला तर रक्तातले क्षार कोसळतात.

दोनशे कॅलरी सिरिंजने भरवणं म्हणजे दोन्ही पक्षांना छळ. आठवडाभर लागणार असेल तर डॉक्टर मानेतून अन्ननलिकेत नळी घालायचं सुचवतात. नळी म्हटलं की लोक ‘नको, हाल नको’ म्हणतात. मीही म्हटलं होतं. प्रत्यक्षात हाल रोज जबड्याशी झटापट करण्यात आहेत. नळी असलेली मांजर खिडकीत उन्हात बसते, तुम्ही नळीतून जेवण आणि औषध दोन्ही देता, आणि ती तुम्हाला बघून पळत नाही.

ती फक्त बोंबील खाते. मासेमारी बंद झाली की उपाशी बसते.

हा खास मुंबईचा प्रश्न, दर जून-जुलैत येतो. बंदीत ताजा मासा मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि बाईसाहेबांना दुसरं काही चालत नाही.

मासा वाईट नाही, फक्त मासा वाईट. काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. तो शिजवल्यावर जातो, म्हणून उकडूनच द्या. ते जीवनसत्त्व कमी पडलं तर आधी भूक जाते, मग मान खाली झुकते, तोल जातो. नुसत्या तेलकट माशावर वाढलेल्या मांजरीत ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातल्या चरबीला दुखरी सूज येते, हात लावला तरी ओरडते. सुकट, जवळा, खारा बांगडा यांत मिठाचा मारा असतो, किडनीच्या किंवा हृदयाच्या पेशंटला नकोच.

सवय मे महिन्यातच मोडायला घ्या. तिच्या उकडलेल्या माशात मांजरीचं तयार ओलं अन्न चिमूटभर मिसळा, तीन-चार दिवसांनी थोडं वाढवा. पंधरवडा लागतो, कधी महिना. ‘भूक लागली की खाईल झक मारत’ हा हिशेब मांजरीपुढे चालत नाही. कारण वर दिलंय.

चिकनवाला कलेजी-पोटा स्वस्तात देतो. रोज घालू?

आठवड्यातून एकदा-दोनदा थोडी कलेजी चालेल. रोज नको. कलेजीत अ जीवनसत्त्व इतकं असतं की महिनोन्‌महिने तीच खाणाऱ्या मांजरीच्या मानेच्या मणक्यांवर हाड वाढतं, मान वळेनाशी होते, अंग चाटता येत नाही. नुसतं उकडलेलं चिकन आजारपणात चार दिवस ठीक, कायमचं नाही, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर मुळीच नको. त्याने तांबड्या पेशी फुटतात. रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी कांद्याचा अर्क त्यात मुरलेला असतोच.

आम्ही शाकाहारी आहोत. दूध-भात, दही-भात चालेल ना?

नाही. मांजर शुद्ध मांसाहारी प्राणी आहे, आपल्या सोवळ्याशी तिचा संबंध नाही. टॉरिन नावाचा घटक तिला पुरेसा तयार करता येत नाही, तो मांसातूनच येतो. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा बिघडतो आणि हृदय फुगून कमजोर होतं. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये उघड झाला आणि त्यानंतर तयार अन्नात टॉरिन वाढवलं गेलं. घरात मांस शिजवायचं नसेल तर मांजरीचं तयार पाकीट आणा, वेगळी कात्री, वेगळी बशी ठेवा. माझ्या ओळखीच्या दोन कट्टर शाकाहारी आजी हेच करतात, नाकाला पदर लावून.

दुधाबद्दल: बहुतेक मोठ्या मांजरींना ते पचत नाही, जुलाब होतात. आजारी मांजरीला जुलाब म्हणजे असलेलं पाणीही गेलं.

किडनीचं कसं ओळखायचं? आणि मग काय खायला द्यायचं?

म्हातारी मांजर, सात-आठ वर्षांच्या पुढची, जास्त पाणी पिऊ लागली, ट्रेमधले लघवीने होणारे वाळूचे गोळे मोठे झाले, पाठीचा कणा हाताला लागू लागला, तर रक्त आणि लघवी तपासा. गंमत अशी की लोक म्हणतात, ‘किडनी उत्तम आहे, भरपूर लघवी करते.’ लघवी घट्ट करण्याची ताकद गेलीय म्हणून ती भरपूर होते. हे दिसेपर्यंत किडनीचं साधारण दोन-तृतीयांश काम गेलेलं असतं. बायजाच्या बाबतीत मी दोन महिने खूश होते की अखेर ती पाणी प्यायला शिकली.

वजन घरी बघा. मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. चार किलोच्या मांजरीचे चारशे ग्रॅम कमी होणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो जाणं. झुपकेदार मांजरीत हे डोळ्यांना दिसत नाही.

जेवणात मुख्य मुद्दा फॉस्फरसचा. किडनीचं खास अन्न असतं, त्यात फॉस्फरस कमी आणि प्रथिनं बेताची असतात. ते हळूहळू सुरू करा, आणि मळमळ आटोक्यात आल्यावरच. नाहीतर तेच अन्न कायमचं नावडतं होऊन बसतं. आणि काही केल्या ते खात नसेल तर? जे खाते ते खाऊ द्या. बशीत पडून राहिलेलं उत्तम पथ्य कुणाच्याच पोटात जात नाही. डॉक्टर फॉस्फरस बांधून ठेवणारी पावडर साध्या अन्नात मिसळायला देऊ शकतात.

पाणी: दिवसाला किलोमागे साधारण ५० मिली, त्यात अन्नातलं पाणीही धरायचं. ओल्या अन्नात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के. म्हणून ओलं अन्न द्या, वर दोन चमचे कोमट पाणी. घरात तीन-चार ठिकाणी पाणी ठेवा. बायजाला पितळी तांब्यातलं लागायचं, आणि तेही आमच्या.

पुढे कातडीखाली सलाईन द्यावं लागतं. डॉक्टर शिकवतात आणि बरेच जण घरी देतात. आमची बाटली कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगलेली असायची. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा, गार द्रव तिला झोंबतो. पाठीवर उंटासारखं मदार येतं, काही तासांत जिरतं, घाबरू नका. हृदयाचा त्रास असलेल्या मांजरीला हे घातक ठरू शकतं, म्हणून शेजारणीच्या मांजरीची उरलेली बाटली वापरायची नाही.

माझी खूप खाते, तरी वाळतेय.

दहा वर्षांच्या पुढे असेल तर थायरॉइड, नाहीतर मधुमेह, तरुण असेल तर जंत. तिन्ही साध्या तपासण्यांत कळतात. ‘खातेय ना, मग बरी आहे’ म्हणून हेच पेशंट सगळ्यात उशिरा पोचतात.

बोका ट्रेमध्ये सारखा बसतो, ओरडतो. बद्धकोष्ठ आहे का? एरंडेल देऊ?

एरंडेल ठेवा आणि टॅक्सी बोलवा. नर मांजरीची मूत्रनलिका अरुंद असते, खडे किंवा चिकट द्रव अडकला की लघवी बंद होते. पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. थेंब थेंब होतेय म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

ताप वाटतोय. क्रोसिनचा तुकडा?

नाही. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि त्याची एक साधी गोळी मांजर मारायला पुरते. ते निकामी करायची व्यवस्था तिच्या यकृतात जवळजवळ नाही. हिरड्या तपकिरी होतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. चुकून पोटात गेली असेल तर लगेच निघा, उतारा आहे, पण वेळेत. शिवाय मांजरीचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या घरात असतं. हाताला ती कायमच गरम लागते.

याच यादीत: कुत्र्याचं गोचिडीचं औषध (त्यात परमेथ्रिन असलं तर), कपाटातल्या डांबरगोळ्या आणि लिलीची फुलं. दादरच्या फुलबाजारातून आणलेल्या गुच्छात लिली असेल तर मांजरीच्या घरात नेऊ नका. पाकळी चावली, अंगावर पडलेला पराग चाटला, फुलदाणीतलं पाणी प्यायली, एवढ्यानेही किडनी बंद पडते.

पावसाळ्यात कोरडे दाणे नकोसे होतात तिला.

सादळलेले असतात. मोठी पोती स्वस्त पडते म्हणून घेतात, ऑगस्टपर्यंत त्यातल्या चरबीला खवट वास येतो. आपल्याला येत नाही, तिला येतो. छोटं पाकीट घ्या, मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

दिवाळीत दोन दिवस खात नाही.

भीतीने. फटाके सुरू व्हायच्या आधी, दुपारीच नीट जेवू घाला, कपाटाखाली जुनी चादर टाकून जागा करून द्या, ओढून बाहेर काढू नका. पहाटे शांतता असते तेव्हा पुन्हा बशी ठेवा. तरीही २४ तासांचा नियम दिवाळीची सुट्टी घेत नाही.

मुंबईत न्यायचं कुठे?

जवळचा मांजरी नीट हाताळणारा डॉक्टर आजच, मांजर बरी असतानाच शोधून ठेवा. मोठ्या तपासण्यांसाठी परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, जुनी माणसं त्याला अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. त्याच आवारात १८८६ मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. रात्री कोण उघडं असतं ते फोन करून विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. बास्केट कायम बाहेर, तिच्या वावरात असू द्या, आत चादर घालून. माळ्यावरून बास्केट निघाली की मांजर कपाटामागे जाते आणि अपॉइंटमेंट बुडते.

किडनीच्या शेवटच्या दिवसांत आवडीचं द्यावं का?

डॉक्टरांना सरळ विचारा, ‘आता पथ्याने काही फरक पडणार आहे का?’ मी विचारलं, ते ‘नाही’ म्हणाले. ऑगस्ट लागला होता, होड्या नुकत्याच परत समुद्रात गेल्या होत्या. कोळणीने दोन बोंबील दिले, मांजरीसाठी म्हटल्यावर पैसे घेतले नाहीत. मी ते बिनमिठाचे उकडले, काटे काढले, बोटाने कुस्करले. बायजाने अर्धा खाल्ला, तांब्यातलं पाणी प्यायली आणि खिडकीत जाऊन बसली. उरलेला दीड बोंबील तळमजल्याच्या सोनूने संपवला.